दोन पेनांचा तक्ता

मोठं होण्याबद्दल लिहायला बसलेली माणसं मिसरूड फुटण्यापासून सुरुवात करतात. मला मिसरूड सोळाव्या वर्षी फुटलं आणि अक्कल बासष्टाव्या, तेव्हा मिसरुडाचं मी काय लिहू? कळवणजवळच्या आमच्या गावात आठवीत नापास झालो, मास्तरांनी आणि मी मिळून माझी शाळा सोडायचं ठरवलं, सातपूरला येऊन लेथ मशीनपुढे उभा राहिलो, आणि पुढची चाळीस वर्षं मला वाटत होतं की मी मोठा झालोय. मोठा झालो नव्हतो, नुसता जाड झालो होतो. खरं मोठं होणं झालं ते एका दवाखान्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, दर शनिवारी अकरा ते एक. लेक म्हणते, आप्पा, लहानपणचं लिहा. हे तेच आहे.

मंगल माझी बायको. दिंडोरीकडची, द्राक्षबागवाल्यांच्या घरातली. मागच्या वर्षी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी बाहेर ओट्यावर लसूण सोलत बसलो होतो. आत येऊन विचारलं, "चहा ठेवू का?" उत्तर नाही म्हणून दुसऱ्यांदा विचारलं, आणि ते जरा चिडून विचारलं. ते चिडणं मला अजून टोचतं. असो. रडगाण्यासाठी त्या गच्चीवरच्या मॅडमनी मला वेगळी वही दिली आहे, इथे ते नको.

मंगलला बायपोलर होतं. हा शब्द मला ती पंचावन्नची झाल्यावर कळला. त्याआधी तीस वर्षं मी त्याला 'हिचा स्वभाव' म्हणायचो आणि माझी आई 'सोंग' म्हणायची. मन वर गेलं की मंगल एका दिवसात सगळ्या चाळीची पांघरुणं धुवायची, कुणाच्या हळदीत बँडवाल्याचा माइक घ्यायची आणि दोन तास सोडायची नाही. खाली आलं की चार-चार महिने भिंतीकडे तोंड. भाकरी थापताना मध्येच हात थांबायचा, परातीत पीठ वाळून जायचं, आणि मी डबा नाही म्हणून आदळआपट करून ड्युटीला जायचो. लेक सुनीता झाली, तेव्हा बाळंतपणातच मंगल पहिल्यांदा मोठी बिघडली. आई म्हणाली, पोर हिच्या हातात द्यायची नाही. मी म्हटलं, आई म्हणते ते बरोबर. सव्वा महिना सुनीताला आईनेच न्हाऊ घातलं. मंगल दाराच्या फटीतून बघायची. हे मी एका दमात लिहिलं, कारण दम घेतला असता तर खोडलं असतं.

तर मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्या, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, आणि म्हणाले, गोळी गोळीचं काम करेल, पण तुम्ही दोघं शनिवारी वरती जात जा. वरती म्हणजे गच्चीवर. तिथे केतकी मॅडम आजारी माणसं आणि त्यांच्या घरचे, अशा दहा-बारा जणांना गोल बसवून समुपदेशन करायच्या. हा शब्द मला दोन महिने नीट म्हणता आला नाही. मॅडम माझ्या सुनीताच्या वयाच्या, पायात स्पोर्टचे बूट, गळ्यात ओढणी आणि हातात कायम एक थर्मास. मला वाटलं, आता ही पोरगी मंगलला चार शब्द सुनावेल, बाई अशी वागू नको, तशी वागू नको. पहिल्याच दिवशी त्या माझ्याकडे वळल्या.

"काका, तुम्हाला कसं वाटतंय?"

"कशाबद्दल?"

"असंच. आत."

"आत काय वाटायचंय? मला काय वाटत नाय. मी ठणठणीत हाय."

शेजारी नाशिकरोडचे देसले मास्तर बसायचे. त्यांच्या मुलाला हाच आजार. ते मान न वळवता म्हणाले, "पहिल्या दिवशी मीपण ठणठणीतच होतो."

मंगलला मात्र ती गच्ची पहिल्या दिवसापासून आवडली. मॅडमनी तिला विचारलं, काकू, तुमचा आजार तुमच्या शब्दांत सांगा. मी मनात म्हटलं, ही काय सांगते आता. मंगल म्हणाली, "माझ्या भावाची द्राक्षबाग हाय. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. एकदा नुसता पालाच पाला फुटतो, एकदा माल लागतो, आणि मधी काड्या. आमच्या बागेत कात्री कुणाच्या हातात हाय ते दिसतं. माझ्यात दिसत नाय, एवढाच फरक." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी तीस वर्षं त्या बाईच्या हातचं जेवलो होतो आणि असं वाक्य तिच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं. मी घरी येऊन म्हटलं, "हे मला कधी सांगितलं नाय?" ती म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं?"

मग मॅडमनी तक्ता दिला. दिवसाला एक ओळ, आठवड्याचं एक पान. झोप किती, मन वर का खाली, बोलणं कसं, चिडचिड किती, गोळी घेतली का. वर जायच्या आधी झोप कमी होते, बोलणं वाढतं, ते वेळेत कळलं तर डॉक्टर गोळी बदलून सावरून घेतात, म्हणून हे लिहायचं. कोण भरणार विचारल्यावर मंगल लगेच म्हणाली, "हे भरतील. मला आतून कळत नाय. वर जाताना मला वाटतं हीच खरी मी. बाहेरून बघणारं माणूस पाहिजे. आणि ह्यांनी जन्मभर कंपनीत तक्तेच भरले." मी छाती काढून तो कागद घेतला.

आता कंपनीतले तक्ते कसे भरायचे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मशीनवर जो तुकडा घडवतात त्याला आम्ही जॉब म्हणायचो. नियम असा की दर तासाला एक जॉब उचलायचा, मापायचा, माप तक्त्यात लिहायचं. आमच्या खात्यात हा नियम कुणी पाळल्याचं मला आठवत नाही. भोंगा व्हायला दहा मिनिटं राहिली की सगळी लाईन खाली मान घालून आठ तासांची मापं एकदम लिहायची. एका पेनाने लिहिलं तर पकडलं जाईल, म्हणून अर्धी निळ्या पेनाने आणि अर्धी काळ्या. आणि सगळीच मापं बरोबर आली तर साहेबाला संशय येतो, म्हणून मध्ये एक मुद्दाम केसभर चुकीचं. ती माझी खासियत. कुठलं माप चुकवायचं हे नवे गडी मला विचारायला यायचे. संध्याकाळी घरी येऊन मी या हुशारीच्या गोष्टी मंगलला सांगायचो आणि ती भाकरी उलटत हसायची.

पहिले तीन-चार महिने तक्ता इमानाने भरला, कारण भरण्यासारखं काही नव्हतं. ती खाली होती. झोप दहा तास, मन खाली, बोलणं नाही. मग सुनीताचा फोन आला की दिवस गेलेत. लग्नानंतर सहा वर्षांनी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, पण तिच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या विहीणबाईंना, मंगलचं सगळं ठाऊक होतं. बाई पंचवटीतल्या, भाजीच्या दुकानावर बसून सगळा संसार ओढलेल्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी सरळ सांगितलं, "पाठवायला माझी ना नाय. पण तुमच्या त्या मॅडम म्हटल्या की तब्येत ठीक हाय, तरच. पोरगी आणि बाळ, दोघांचा प्रश्न हाय." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मंगल त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून उठून अंगणात गेली आणि जुना पाट घासायला बसली. बाळाला न्हाऊ घालताना बाई पाय लांब करून बसते ना, तो पाट. ती मला म्हणाली, "लेकीचं राहिलं. लेकीच्या लेकराचं ऱ्हायला नको." राहिलं ते कुणामुळे राहिलं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

हळूहळू मंगल उजेडात यायला लागली. शेवभाजीला पुन्हा रंग यायला लागला, ठेच्यात लसणाचं माप बरोबर पडायला लागलं. ती शेजारणीशी बोलली, मग हसली, मग माझी नक्कल करून दाखवली, मी जेवताना नाकाने कसा आवाज काढतो ती. चार महिने मुक्या घरात राहिलेल्या माणसाला ते काय वाटतं, ते मी कुठल्या रकान्यात लिहिणार होतो? आणि मग खलबत्ता सुरू झाला. लोखंडी खलबत्ता, तिच्या आजीचा. बाळंतिणीच्या लाडवांसाठी खारीक, खोबरं, गोडंबी कुटायला घेतली. आधी दुपारी, मग दुपारी आणि संध्याकाळी, मग पहाटे. मी चाळीस वर्षं मशीनजवळ काढली. बेअरिंग जायच्या आठवडाभर आधी आवाज बदलतो, तो मला पेंगतानासुद्धा कळायचा. खलबत्त्याचा आवाज बदललेला मला पहिल्याच दिवशी कळला होता. ठोके जवळजवळ यायला लागले होते, मध्ये श्वास राहिला नव्हता. मी कूस बदलली आणि कानावर उशी घेतली.

आता बघा, माणूस किती शिस्तीत गाढव होतो. सुनीताला सहावा संपत आला होता. तक्त्यावर 'झोप तीन तास, मन वर' असं लिहिलं की मॅडम डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर गोळी वाढवणार, विहीणबाईंना कळणार, आणि बाळंतपण पंचवटीला जाणार. तर मग शनिवारी सकाळी, बस यायच्या आधी दहा मिनिटं, मी ओट्यावर बसून सात दिवस एकदम भरायला लागलो. निळं पेन, काळं पेन. झोप साडेसात, मन शांत, बोलणं नेहमीसारखं. आणि एका दिवशी मुद्दाम साडेपाच तास झोप, खरं वाटावं म्हणून. गच्चीवर मॅडमनी माझा तक्ता सगळ्यांना दाखवला, "काकांसारखा नीट भरा." देसले मास्तरांनी मला विचारलं, तुम्ही एवढं टापटीप कसं ठेवता? मी त्यांना सांगितलं, सवय लागते. असं पाच शनिवार चाललं.

घरात तोवर लाडवांना जागा उरली नव्हती. डबे भरले, पातेली भरली, मग तिने ते धुतलेल्या उशांच्या अभ्र्यांत भरले. दुपट्यांसाठी तिच्या सगळ्या सुती साड्या फाडून झाल्या, मग माझ्या निवृत्तीला कंपनीने दिलेली शाल गेली, मग माझी दोन धोतरं. चार दिवसांत तीन गोधड्या शिवल्या. एका बाळाला तीन गोधड्या कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "एकच होणार हाय हे तुम्हाला काय माहीत?" आणि खो-खो हसली. मीही हसलो. ती दिसायला पंचवीस वर्षांची दिसत होती. डोळे असे चमकत होते की बघवत नव्हते, तरी मी बघत बसायचो.

पाचव्या शनिवारी ती एक स्टीलचं पिंप घेऊन निघाली. लोकांच्या घरी त्यात पाणी असतं, आमच्या त्यात लाडू होते. बसमध्ये तिने ड्रायव्हरला दिला, कंडक्टरला दिला, पुढच्या बाकावरच्या पोलिसाला तर दोन दिले. गच्चीवर सगळ्यांना वाटून झाल्यावर ती बोलायला लागली ती थांबेना. सुनीताचं बाळ, भावाची बाग, लाडवांचा धंदा काढायचा बेत, मॅडमचं लग्न कुणाशी जमवायचं ते. देसले मास्तर म्हणाले, "वहिनी आज लय खुशीत." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी थर्मास खाली ठेवला.

"काकू, झोप कशी आहे हल्ली?"

"झोपेचं काय घेऊन बसलात! झोपायला म्हातारपण पडलंय."

"पण काकांनी तर रोज सात-आठ तास लिहिलंय."

"बघू," म्हणत मंगलने तक्ता ओढून घेतला. तोपर्यंत तिने तो कधी पाहिलाच नव्हता. मी तो माझ्या ट्रंकेत ठेवायचो. सातवी शिकलेली बाई, बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. "बुधवार. झोप साडेसात तास. मन शांत. बोलणं नेहमीसारखं." थांबली. "बुधवारी?" आणि अशी हसली की खालच्या कंपाउंडरने वर बघितलं. "अहो मॅडम, बुधवारी पहाटे तीनला मी डिंक तळायला घेतला. हे उठून आले, शेजारी बसले आणि गरम-गरम पाच लाडू खाल्ले. साडेसात तास कोण झोपलं मग, शेजारचं कुत्रं?"

सगळी गच्ची हसली. मीही हसल्यासारखं केलं. तोंडात अर्धा लाडू होता. मंगलचं बोट मात्र पुढे सरकत होतं. निळी ओळ, निळी ओळ, काळी ओळ. साडेपाचवर येऊन बोट थांबलं. तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू निघून गेलेलं मी समोर बसून पाहिलं.

"दोन पेनं," ती म्हणाली. "कंपनीतला तक्ता भरला होय तुम्ही माझा? मी तुमच्या मशीनवरचा जॉब हाय का?"

मी तोंडातला अर्धा लाडू गालात सरकवला.

"मला आतून कळत नाय म्हणून तुम्हाला दारात बसवलं होतं. मला वाटलं, हे बघतायत, म्हणजे मी ठीकच असंल. पाच आठवडे मी तेच समजत होते. तुम्ही काय बोलत नाय म्हणजे मी ठीक हाय."

मॅडम माझ्यावर ओरडतील अशी मी वाट बघत होतो. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. साहेबाच्या शिव्या मी चाळीस वर्षं खाल्ल्या आहेत. पण त्या माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, असं वाटलं तुम्हाला?"

"बाळंतपण गेलं असतं," मी म्हटलं. "आणि... ती हसत होती मॅडम. चार महिन्यांनी हसत होती. मला ती परत द्यायची नव्हती."

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं. आता रडायचं तर माणसाने तोंड रिकामं ठेवून रडावं. माझा लाडू घशात अडकला, डोळे पांढरे झाले, आणि देसले मास्तरांनी आपल्या सगळ्या नोकरीतला राग काढल्यासारखी माझ्या पाठीत बुक्की घातली. खारकेचा तुकडा मॅडमच्या स्पोर्टच्या बुटावर जाऊन पडला. मला आत काय वाटतंय हे मी माझ्या जन्मात पहिल्यांदा सांगितलं, ते असं सांगितलं.

त्याच दुपारी डॉक्टरांनी तिला तपासलं, रक्त घेतलं, गोळी बदलली. पुढचे तीन आठवडे सोपे नव्हते. वर गेलेलं माणूस खाली येताना हाताला धरून आणावं लागतं, आणि ते धरलेल्या हाताला चावतं. तिने माझ्या सात पिढ्या काढल्या, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा काढल्या, आणि त्यातल्या चार पिढ्यांबद्दल ती बरोबर होती. पण रोज रात्रीचं जेवण झालं की ती पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसायची आणि माझे ते पाच आठवडे एकेक दिवस खोडायची. "ह्या मंगळवारी काय झालं?" "गोधडी. दुसरी." "झोप?" "दोन-अडीच तास." "मग तसं सांगा ना." मी सांगायचो, ती माझ्या निळ्या-काळ्यावर पेन्सिलीने लिहायची. तेव्हा मला कळलं की मला सगळं आठवत होतं. मी सगळं बघितलं होतं.

विहीणबाईंना सांगायचं हे तिनेच ठरवलं. मॅडम म्हणाल्या, काकू, थोडं स्थिरावल्यावर बोला, मी शेजारी बसते. चौथ्या शनिवारी गच्चीवरून तिने फोन लावला. फार बोलली नाही. "विहीणबाई, मी वर गेले होते. आमच्या ह्यांनी लपवलं. आता गोळी बदललीय, उतरतेय. पोरगी पाठवायची का नाय ते तुम्ही ठरवा. मी राग धरणार नाय." फोन ठेवल्यावर तिचे हात मांडीवर पडून राहिले. त्या हातांकडे बघून मला वाटलं, याच्यापेक्षा मला खारीक घशात अडकून गेलेलं परवडलं असतं.

विहीणबाई दुसऱ्या दिवशी रिक्षाने आल्या. चप्पल काढली, घरभर एक नजर टाकली, अभ्र्यातून एक लाडू काढून खाल्ला.

"डिंक जळलाय थोडा."

"पहाटे तीनला तळलेला हाय," मंगल म्हणाली.

"मग बरोबर." मग माझ्याकडे वळल्या. "व्याही, तुम्ही लबाड."

"हो," मी म्हटलं.

"ही नाय."

"नाय."

"मग पाठवते. पण तुमच्या भरवशावर नाय. हिच्या."

मी एवढा मोकळा झालो की त्यांना चहाऐवजी पाणीच दोनदा आणून दिलं.

अट एकच, ती मॅडमनी घातली. बाळाच्या घरात झोप नसते आणि मंगलला झोप हेच औषध. तेव्हा मंगलने रात्री दहा ते सहा झोपायचं, घर पेटलं तरी. दुपारी विहीणबाई येऊन बसणार. आणि रात्री? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. थर्ड शिफ्ट. चाळीस वर्षांत मी किती थर्ड शिफ्ट मारल्या असतील, पण त्या मशीनला पोट दुखत नव्हतं. बासष्टाव्या वर्षी मी लंगोट बदलायला शिकलो. पहिले चार उलटे बांधले. सुनीता बाळंतिणीच्या खाटेवरून म्हणायची, "आप्पा, तिला कंबर ह्या बाजूला हाय." माझ्या स्वतःच्या लेकीचा लंगोट मी कधी बघितलाही नव्हता, हे मी तिला सांगितलं नाही. तिला माहीत असणार.

आणि सकाळी मंगल उठायची, झोप झालेली, केस बांधलेले. उन्हात पाट मांडायची, साडी गुडघ्यावर घेऊन पाय लांब करायची, आणि ओवीला, म्हणजे आमच्या नातीला, पायांवर पालथी घालायची. हळद-दुधाचा हात पाठीवरून फिरायचा, कोमट पाणी, मग धुरी. पहिल्या दिवशी ती बाळाच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुझ्या आईचं राहिलं होतं बाई, ते तुझ्यातच घेते करून." मी दारात उभा होतो. आत यायला कुणी मनाई केली नव्हती, पण मी फटीतूनच बघितलं. मला वाटलं, तिने फटीतून काढलेला तो सव्वा महिना थोडा माझ्याही वाट्याला यावा.

मॅडमनी नंतर तक्त्यात माझाही रकाना काढला. मंगलचा मी भरायचा, माझा मंगलने. तिला त्यात फार मजा यायची. 'चिडचिड: आहे. कारण: क्रिकेट.' 'मन: शांत दाखवतात. खोटं.' 'बोलणं: कमी, पण झोपेत भरपूर.' असे किती तक्ते आम्ही भरले. मधल्या वर्षांत ती दोनदा खाली गेली, एकदा वर. दर वेळी आवाज बदलला त्याच दिवशी मी लिहिलं, एका पेनाने. सगळं काही थांबवता आलं नाही, पण पुन्हा कधी ती एकटी गेली नाही.

ती गेल्यावर मी दोन महिने गच्चीवर फिरकलो नाही. आजारी माणूसच राहिलं नाही तर मी कशाला जाऊ? मॅडमनी फोन करून बोलावलं. त्यांच्या केसांत आता पांढरं दिसतं. त्यांनी मला कोरा तक्ता दिला, एकाच रकान्याचा. म्हणाल्या, काका, स्वतःचा भरा. मी सहा दिवस त्याला हात लावला नाही. शनिवारी बसची वाट बघत ओट्यावर बसलो, खिशात हात घातला, आणि बघतो तर काय, निळं पेन आणि काळं पेन. आठवडाभराचं सगळं दहा मिनिटांत भरलं. झोप सात तास, मन शांत, जेवण ठीक. गुरुवारी मुद्दाम 'थोडं उदास' टाकलं, खरं वाटावं म्हणून. सत्तरी आली, तरी कोणता दिवस चुकवायचा ते मला अजून बरोबर कळतं.

वर मॅडमनी तक्ता वाचला. "बुधवार. झोप सात तास. मन शांत. बरं वाटलं काका." आणि पुढच्या ओळीवर गेल्या. मी थांबून राहिलो. शेजारच्या लाल खुर्चीवरून कुणीतरी आता हसेल आणि विचारेल, असं मला खरोखरच वाटत होतं. कुणी विचारलं नाही. त्या खुर्चीवर देसले मास्तरांची छत्री होती. मग मीच विचारलं, जरा मोठ्याने निघालं ते.

"बुधवारी?"

"काय काका?" मॅडम म्हणाल्या.

मी तक्ता परत मागून घेतला. दोन्ही पेनं खिशातच राहू दिली आणि मास्तरांची पेन्सिल घेतली. बुधवारी मी फळीवरून तिचा खलबत्ता काढला होता. त्यात घालायला काही नव्हतं, तसाच रिकामा वाजवला, ती ठीक असायची तेव्हा वाजायचा तसा, सावकाश, मध्ये श्वास सोडून. दुपारभर मला तो ठोका जमला नाही. ते लिहिलं. रकाना पुरला नाही, म्हणून पान उलटलं आणि मागच्या बाजूला लिहीत राहिलो.